व्हेनेझुएलन की रशियन, अमेरिकेत कोणाचं बरं चाललंय? स्वतः आकडे काढून कसं बघायचं

मी हे पहिल्यांदा एका असाइनमेंटसाठी केलं तेव्हा वाटलेलं दोन तासात उरकेल, एका टेबलातून व्हेनेझुएलन लोकांचं मीडियन इन्कम (सगळ्यांना कमाईप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मधे येणाऱ्याचं इन्कम) उचलायचं, दुसऱ्यातून रशियन लोकांचं, दोन बार शेजारी शेजारी काढायचे, झालं. काढले पण. रशियन बार चांगला उंच आला आणि मी खुश. मग रात्री झोपताना डोक्यात आलं की त्या रशियन बारमधे जे लोक बसलेत त्यातल्या बऱ्याच जणांच्या खापरपणजोबांनीच काय तो रशिया बघितलाय, आणि व्हेनेझुएलन बारमधे गेल्या वर्षी बॅग घेऊन उतरलेला माणूस पण आहे. मग ही तुलना कसली, एकाचं मुरलेलं लोणचं आणि दुसऱ्याच्या आत्ता चिरलेल्या कैऱ्या.

तर हे सगळं नीट कसं करायचं ते लिहितेय. कोणाला प्रोजेक्ट असेल, ब्लॉग लिहायचा असेल किंवा नुसतीच खाज असेल तर उपयोगी पडेल. कोडिंग येत नसेल तरी बरंचसं जमतं.

आधी जागा ठरवा. मी अमेरिकाच घेतली कारण दोन्ही समाज तिथे भरपूर आहेत आणि डेटा फुकट मिळतो. पण एक भान ठेवा, व्हेनेझुएला सोडून बाहेर पडलेले लोक ७५ लाखांच्या वर आहेत आणि त्यातले सगळ्यात जास्त कोलंबियात, मग पेरूमधे. अमेरिकेत पोचलेला हा त्यातला छोटा तुकडा आणि तोही निवडून आलेला, म्हणजे ज्यांच्याकडे विमानाचे पैसे होते, व्हिसा होता, कोणी नातेवाईक होता असे आधी आले. त्यामुळे इथे जे काय निघेल ते बोगोटातल्या व्हेनेझुएलन डिलिव्हरीवाल्याला लावू नका.

आता मुख्य काम, आणि खरं सांगू का, अर्धी मेहनत इथेच घाला. रशियन कोण आणि व्हेनेझुएलन कोण हे आधी कागदावर लिहून काढा. अमेरिकन सेन्सस ब्युरोचा एक मोठा सर्व्हे असतो, अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, सगळे त्याला एसीएस म्हणतात, दरवर्षी साधारण ३५ लाख पत्त्यांवर जातो. त्यात माणूस कुठला हे तीनचार वेगळ्या प्रश्नांतून कळतं. जन्म कुठल्या देशात झाला हा एक. तुम्ही हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतले आहात का आणि असाल तर कुठले हा दुसरा, व्हेनेझुएलन बहुतेक इथून मोजले जातात. पूर्वज कुठले हा तिसरा, रशियन बहुतेकदा इथून मोजले जातात. आणि घरी कुठली भाषा बोलता हा चौथा.

गडबड इथेच होते. पूर्वजांच्या प्रश्नाला रशियन असं उत्तर देणारे वीस लाखांच्या वर आहेत, पण प्रत्यक्ष रशियात जन्मलेले चार लाखांच्या आसपास. मधले सगळे कोण? बऱ्याच अंशी १८८० ते १९२४ च्या काळात झारच्या राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबांची नातवंडं पतवंडं. १९२४ च्या कायद्याने ते दार बंद झालं, म्हणजे त्यांना अमेरिकेत शंभर वर्षं होऊन गेली, डॉक्टर वकील प्रोफेसर होऊन तीन पिढ्या झाल्या. आणि गंमत म्हणजे त्यातले कितीतरी आजच्या रशियातून आलेलेच नाहीत, आजच्या युक्रेन, बेलारूस, लिथुआनिया, पोलंडच्या गावांतून आलेत, तेव्हा ते झारच्या राज्यात होतं एवढंच. उलट न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीचवर जा, सगळे म्हणतात रशियन वस्ती, दुकानाच्या पाट्या रशियन, पण तिचं टोपणनाव लिटल ओडेसा, कारण १९७० च्या दशकापासून तिथे युक्रेनमधून आलेले रशियन बोलणारे ज्यू मोठ्या संख्येने आहेत. भाषेच्या प्रश्नावर गेलात तर हे येतील, शिवाय उझबेकिस्तान, कझाकस्तान, मोल्दोवावाले पण येतील. जन्मदेशावर गेलात तर हे सगळे गळाले.

व्हेनेझुएलाच्या बाजूलाही असा गुंता आहे, थोडा कमी. तेलाच्या पैशाच्या दिवसांत तिथे लाखो कोलंबियन लोक कामाला गेलेले, त्याआधी दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, स्पेन, पोर्तुगालमधून लोक गेलेले. त्यांची मुलं जन्मली काराकासमधे, पण मायामीत फॉर्म भरताना कोणी स्वतःला कोलंबियन लिहितो, कोणी इटालियन.

माझं मत स्पष्ट आहे, दोन्हीकडे जन्मदेश घ्या. दोन्ही गटांना एकच प्रश्न लागला पाहिजे, एकाला पूर्वज विचारून आणि दुसऱ्याला हिस्पॅनिक ओळख विचारून केलेली तुलना मी तरी वाचत नाही. पूर्वजवाला आकडा वापरायचाच असेल तर तो स्थलांतरितांचा आकडा नाही हे ठळक लिहा.

आता डेटा कुठून काढायचा. झटपट हवं असेल तर सेन्ससच्या डेटा साइटवर एस०२०१ नावाचं टेबल शोधा, त्यात एकेका समाजाचं अख्खं प्रोफाइल एका पानावर येतं, इन्कम, गरिबी, शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं. पण तिथे रशियन म्हणजे पूर्वजवाले रशियन आणि व्हेनेझुएलन म्हणजे हिस्पॅनिक प्रश्नवाले, म्हणजे मी वर ज्याच्यावर बोंब मारली तेच. कुठल्या देशात जन्मलेले किती लोक कुठल्या राज्यात, एवढंच हवं असेल तर बी०५००६ टेबल बघा, पण त्यात इन्कम नसतं.

म्हणून थोडे कष्ट घ्या आणि आयपम्सवर जा. मिनेसोटा युनिव्हर्सिटी हे चालवते, अकाउंट फुकट आहे, एसीएसची एकेका माणसाची ओळ मिळते, नाव पत्ता नाही अर्थातच. वर्षं निवडायची, कॉलम निवडायचे, थोड्या वेळाने फाइल तयार झाल्याचा मेल येतो. आर किंवा पायथनमधे कोडिंग येत नसेल तर त्यांच्या साइटवरच ऑनलाइन टेबल काढायची सोय आहे, ती वापरा, मी सुरुवात तिथूनच केली होती. कॉलम घ्यायचे ते असे, जन्मदेश, अमेरिकेत आल्याचं वर्ष, वय, शिक्षण, इंग्रजी किती येतं, नोकरी, स्वतःचं इन्कम, घराचं इन्कम, गरिबीरेषेच्या किती टक्के, घर मालकीचं का, नागरिकत्व, आणि दोन वेट, एक माणसाचा आणि एक घराचा, वेट म्हणजे सर्व्हेतली एक ओळ खऱ्या किती माणसांच्या किंवा घरांच्या जागी धरायची तो आकडा.

इथे चार ठिकाणी पाय घसरतो आणि माझा चारही ठिकाणी घसरलाय.

जन्मदेशाचा साधा कोड घेतला तर ४६५ नंबरखाली रशिया आणि बाकीचा जुना सोव्हिएत युनियन एकत्र येतो, आणि व्हेनेझुएला तर अख्ख्या दक्षिण अमेरिकेच्या ३०० नंबरखाली. डिटेल कोड घ्या. त्यातही काही लोक अजून जन्मदेश नुसता सोव्हिएत युनियन लिहितात, त्यांना कुठल्या देशात टाकणार? मी सरळ बाजूला ठेवले आणि तसं लिहिलं.

दुसरं, इन्कमच्या कॉलममधे जिथे प्रश्न लागूच नाही तिथे ९९९९९९९ भरलेलं असतं, उदाहरणार्थ १५ वर्षांखालच्या पोरांना. ते न काढता मी अॅव्हरेज काढलं आणि पाळण्यातलं बाळ वर्षाला एक कोटी डॉलर कमावतंय असा समाज तयार झाला. हसू नका, तुमचंही होईल.

तिसरं, घराचं इन्कम त्या घरातल्या प्रत्येक माणसाच्या ओळीत परत परत येतं. सहा माणसांचं घर सहा वेळा मोजलं जातं. म्हणून घराचा आकडा काढताना एका घराची एकच ओळ घ्या, घरप्रमुखाची, आणि घराचा वेट लावा. माणसांचे आकडे काढताना माणसाचा वेट. आणि नवरा अमेरिकन, बायको व्हेनेझुएलन असेल तर घर कोणाचं? साधा नियम ठेवा, घरप्रमुखाच्या जन्मदेशावरून, नाहीतर वाद संपत नाहीत.

चौथं, वर्षं. २०२० चा एक वर्षाचा एसीएस नेहमीसारखा आलाच नाही, कोविडमुळे उत्तरं कमी आली म्हणून ब्युरोने तो प्रायोगिक म्हणून काढला, तो टाळा. आणि पाच वर्षांचा एकत्र डेटा रशियन लोकांसाठी चालतो, पण व्हेनेझुएलन समाज इतका भराभर बदललाय की पाच वर्षांचं मिश्रण म्हणजे धड जुनं नाही धड नवं नाही. सेन्ससच्या हिशोबाने ते २००० साली साधारण ९१ हजार होते, २०१० ला सव्वादोन लाखांच्या जरा खाली आणि २०२० ला सहा लाखांच्या वर, आणि खरी गर्दी तर त्याच्या नंतर झाली.

बरं, आकडे हातात आले. आता लगेच मीडियन लावून निकाल देऊ नका. मीडियनच घ्या हे मात्र नक्की, अॅव्हरेज नको, रशियात जन्मलेल्यांत गूगल काढणारा सर्गेई ब्रिन पण आहे, मॉस्कोत जन्म आणि १९७९ ला लहानपणी अमेरिकेत, असे दोनचार लोक अॅव्हरेजला कुठल्या कुठे नेतात. पण मीडियनच्याही आधी लोक कधी आले ते बघा, कारण या अख्ख्या तुलनेचा जीव तिथे आहे.

व्हेनेझुएलन लोक लाटांनी आले. चावेझ १९९८ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, २००२-०३ मधे तेल कंपनी पेदेव्हेसामधे मोठा संप झाला आणि त्यानंतर १८ हजारांच्या आसपास लोकांना काढून टाकलं, त्यात इंजिनियर, जिऑलॉजिस्ट, मॅनेजर भरपूर. ते ह्यूस्टनला गेले, तिथल्या केटी भागाला केटीझुएला म्हणतात. मायामीजवळच्या डोरालला डोरालझुएला. ही मंडळी शिकलेली, इंग्रजी येणारी, काहींचे डॉलर आधीच बाहेर. मग २०१३ नंतर, चावेझच्या जागी आलेल्या मादुरोच्या काळात देशाची इकॉनॉमी जवळपास तीन चतुर्थांश आकसली, महागाई हाताबाहेर गेली आणि मध्यमवर्ग निघाला. आणि २०२१ च्या पुढे जे आले त्यात कितीतरी जण पनामाचं दारिएन जंगल पायी तुडवून टेक्सासच्या बॉर्डरवर पोचलेले, तिथून बसने न्यूयॉर्क, शिकागो, डेन्व्हर. या तीन माणसांचं एक मीडियन काढलं तर ते तिघांपैकी एकाचंही नाही.

रशियन बाजूलाही लाटा आहेत. सोव्हिएत काळातले ज्यू निर्वासित, १९८९ च्या लाउटेनबर्ग दुरुस्तीनंतर (धर्मामुळे त्रास होणाऱ्यांना निर्वासित म्हणून येणं तिने सोपं केलं) ज्यू आणि बाप्टिस्ट, पेंटेकोस्टल पंथांचे ख्रिश्चन, यातले बरेच ख्रिश्चन कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोकडे गेले, मग नव्वदीनंतरचे शास्त्रज्ञ आणि प्रोग्रामर, आणि फेब्रुवारी २०२२ मधे युक्रेनवर हल्ला झाल्यावर मेक्सिकोमार्गे येऊन आसरा मागणारे. जुने जे निर्वासित म्हणून आले त्यांना पहिल्या दिवसापासून कामाची परवानगी आणि सरकारी मदत होती. नुसता आसरा मागणाऱ्याला तसं नसतं, अर्ज टाकून १५० दिवस झाले की वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो आणि १८० दिवसांच्या आधी तो मिळत नाही. म्हणजे पहिल्या वर्षाचं इन्कम कमी दिसतं ते आळसाने नाही, कागदामुळे.

म्हणून टेबल असं करा, आडव्या ओळीत आल्याचा काळ, समजा २००० च्या आधी, २००० ते २००९, २०१० ते २०१६, २०१७ नंतर, आणि उभ्या रकान्यात दोन देश. आता २००० ते २००९ मधे आलेला व्हेनेझुएलन त्याच काळात आलेल्या रशियनशी जोडून बघा. मी केलं तेव्हा माझा तो सुरुवातीचा उंच बार बराच खाली बसला, तुमच्या वर्षांत काय येतं ते तुम्ही बघा. जागा पुरत असेल तर वयाचीही चाळण लावा, २५ ते ५४ घ्या, कारण रशियात जन्मलेल्यांत म्हातारे जास्त आहेत आणि पेन्शनीवर जगणाऱ्या आजीची तुलना उबर चालवणाऱ्या तिशीतल्या पोराशी करून काय मिळणार.

एक गंमत जी मला फार उशिरा कळली. १९९० च्या दशकापासून २०१२ पर्यंत अमेरिकन कुटुंबांनी रशियातून साधारण ६० हजार मुलं दत्तक घेतली, मग डिसेंबर २०१२ मधे रशियाने कायदा करून ते बंद केलं. ही मुलं सर्व्हेमधे रशियात जन्मलेली म्हणूनच येतात, पण वाढली ओहायोतल्या एखाद्या सुखवस्तू अमेरिकन घरात. व्हेनेझुएलाकडे असं काही नाही. त्यांना बाहेर काढायला सोपी युक्ती, वयातून अमेरिकेत राहिलेली वर्षं वजा करा म्हणजे आला तेव्हाचं वय मिळतं, आणि १८ च्या पुढे आलेलेच ठेवा.

यानंतर घराचं इन्कम माणसांवर वाटा. नवीन आलेले लोक भाडं परवडत नाही म्हणून एका फ्लॅटमधे कोंबून राहतात, आपल्याकडे मुंबईत खोलीत दहाजण राहायचे तसं. समजा एका घरात चार माणसं आणि मिळून १ लाख डॉलर, दुसऱ्यात दोन माणसं आणि ७० हजार. पहिलं श्रीमंत वाटतं. आता इन्कमला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा, पहिलं ५० हजार, दुसरं साधारण साडेएकोणपन्नास. सारखेच की. साधा भागाकार करू नका, कारण चार जणांना चार फ्रिज लागत नाहीत.

शहराचा खर्च पण बघा. एसीएसमधली गरिबीरेषा अमेरिकाभर एकच असते, मायामीत भाडं भरणाऱ्यालाही तीच आणि मिसिसिपीत राहणाऱ्यालाही तीच, हे ऐकून मला धक्काच बसलेला. ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिस दर राज्याचा आणि मेट्रोचा किंमत निर्देशांक काढतं, त्याने इन्कम भागून बघा. किंवा एसपीएम नावाचं दुसरं गरिबीचं मोजमाप आहे, त्यात घरभाडं, टॅक्स आणि सरकारी मदत धरतात, मेडिकेड म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा मात्र नाही. ब्रायटन बीचच्या आजीसाठी याचा फार फरक पडतो, कारण तिला मिळणारा स्वस्त सरकारी फ्लॅट, मेडिकेड, फूड स्टॅम्प यातलं काहीच एसीएसच्या इन्कममधे धरत नाहीत, कागदावर ती एकदम गरीब, प्रत्यक्षात औषधपाणी आणि छप्पर दोन्ही आहे.

याच्या उलटं डोरालमधे. २००३ पासून व्हेनेझुएलात डॉलर घ्यायला सरकारी परवानगी लागायची, त्यामुळे ज्याला जमलं त्याने पैसा बाहेर नेला, मायामीत फ्लॅट घेतले. असा माणूस पगार थोडा दाखवेल पण फ्लॅट फुल पेड. सर्व्हे संपत्ती विचारत नाही, घर मालकीचं का, त्यावर कर्ज आहे का आणि त्याची किंमत काय एवढं मात्र विचारतो. तेवढं तरी वापरा, आणि मालकीचा टक्का त्याच शहरातल्या सगळ्या लोकांच्या टक्क्याशी लावून बघा, न्यूयॉर्कमधे सगळेच भाड्याने राहतात, त्यात रशियनांचा काय दोष. घरी पाठवलेले पैसेही कुठेच दिसत नाहीत. व्हेनेझुएलात झेलने, म्हणजे अमेरिकन बँकांच्या पैसे पाठवायच्या अ‍ॅपने पैसे पोचतात, काराकासचे दुकानदारसुद्धा झेल घेतात, म्हणून मायामीतल्या लेकीच्या पगाराचा एक वाटा दरमहा आईकडे जातो. रशियात मार्च २०२२ मधे वेस्टर्न युनियन, व्हिसा, मास्टरकार्ड सगळं बंद झालं, पाठवायचं म्हटलं तरी रस्ता अवघड.

शिक्षणाचं एक टेबल जरूर काढा, डिग्रीवाल्यांचं इन्कम वेगळं. दोन्ही समाज अमेरिकन सरासरीपेक्षा जास्त शिकलेले आहेत, पण व्हेनेझुएलातल्या माराकाइबोचा डॉक्टर इथे परत परीक्षा आणि रेसिडेन्सी करेपर्यंत डॉक्टर नसतो, मोबाइलवर ऑर्डर घेऊन फिरतो. डिग्री आहे पण डिग्री न लागणाऱ्या कामात आहे असे किती टक्के, हा एकच आकडा मला मीडियन इन्कमपेक्षा जास्त सांगतो. आपल्याकडे ‘अमेरिकेत भारतीय सगळ्यात श्रीमंत’ म्हणून जे फॉरवर्ड फिरतं त्याच्या मागेही हीच निवड आहे, एच-१बी ने डिग्रीवालेच चाळून घेतलेत, त्यात आपल्या रक्ताचा पराक्रम कमी.

शेवटी फरक खरा आहे का ते तपासा. सेन्ससच्या प्रत्येक आकड्याला अधिक-उणे चूक दिलेली असते, ९० टक्के खात्रीची. समजा एक मीडियन ७५ हजार, चूक ४ हजार, दुसरा ७० हजार, चूक साडेतीन हजार. दोन्ही चुकांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा, ५,३०० च्या आसपास येतं. तुमचा फरक ५ हजार, म्हणजे चुकीच्या आतच, बातमी नाही. लाटा, वय, शहर अशा चाळण्या लावत गेलात की गट लहान होतो आणि चूक वाढत जाते, म्हणून एका वेळी दोनच चाळण्या. आणि तुलनेला तिसरा बार टाका, अख्ख्या अमेरिकेचा, २०२३ च्या एसीएसमधे देशाचं घराचं मीडियन इन्कम ७७,७१९ डॉलर होतं. वर्षं वेगवेगळी असतील तर महागाई धरून एकाच वर्षाच्या डॉलरमधे आणा.

२०२५ च्या पुढचा डेटा वापरणार असाल तर जरा जपून. व्हेनेझुएलन लोकांना २०२१ आणि २०२३ मधे टीपीएस म्हणजे तात्पुरतं संरक्षण मिळालेलं, ते २०२५ मधे काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. वर्क परमिट जाईल या भीतीत असलेला माणूस सरकारी सर्व्हेचं दार उघडेल का, मला शंका आहे. शेल्टरमधे राहणारे तर घराच्या इन्कमच्या टेबलात आधीपासूनच नसतात.

आणि ज्यांच्याकडे एकच संध्याकाळ आहे त्यांच्यासाठी, आयपम्सच्या ऑनलाइन टूलमधे २०२३ घ्या, जन्मदेश डिटेल कोडने, वय २५ ते ५४, आल्याचं वर्ष २०१० च्या आधी आणि नंतर असे दोन भाग, आणि मीडियन इन्कम. चार आकडे येतील. खाली बारीक अक्षरात लिहा की रशियन म्हणजे रशियात जन्मलेले, सोव्हिएत युनियन लिहिणारे वगळलेत, डेटा कुठल्या वर्षाचा आणि शहराचा खर्च धरलेला नाही.